हुद्दे नसलेली भिंत

मुलगा अठरा वर्षांचा झाला त्या महिन्यात टपालात त्याच्या नावाचं एक सरकारी पाकीट आलं. सिलेक्टिव्ह सर्व्हिसकडे, म्हणजे सक्तीच्या सैन्यभरतीच्या यादीत, नाव नोंदवा असं आतल्या कागदावर लिहिलं होतं. अमेरिकेत राहणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलाला, तो नागरिक असो की ग्रीन कार्डवाला, अठराव्या वाढदिवसानंतर तीस दिवसांत ही नोंदणी करावी लागते. मुलींना नाही. नोंदणी चुकवली तर कायद्यात पाच वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाची तरतूद आहे. आज त्यासाठी कोणी तुरुंगात जात नाही, पण केंद्र सरकारची नोकरी मिळत नाही आणि स्थलांतरितांचा नागरिकत्वाचा अर्ज अडू शकतो. पोराने जेवता जेवता फोनवर दोन मिनिटांत फॉर्म भरला आणि वरणासाठी वाटी पुढे केली. माझ्या हातात तो कागद तसाच राहिला.

या देशात १९७३ पासून एकाही मुलाला सक्तीने सैन्यात नेलेलं नाही. बंद पडलेली नोंदणी १९८० मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी पुन्हा सुरू केली, आणि तेव्हापासून यादी तयार असते, बोलावणं येत नाही. त्या रात्री मुलाने विचारलं, "आई, हे बंद का झालं होतं?" मी म्हटलं, व्हिएतनाममुळे. आणि ते बोलतानाच जाणवलं की मला माहीत असलेलं व्हिएतनाम म्हणजे दोन चित्रं आहेत. एकीकडे लांब केसांचे, फुलं वाटणारे, युद्ध थांबवा म्हणणारे विद्यार्थी आणि दुसरीकडे झेंडा फडकवणारे, कमी शिकलेले, युद्धाला पाठिंबा देणारे कामगार. सांगलीत कॉलेजात असताना मी हीच चित्रं पाहिली होती. इथे आल्यावरही टीव्हीवर तीच दिसली. गेल्या काही वर्षांत जेवढं वाचलं, जेवढ्या माणसांशी बोलले, त्यानंतर माझं मत असं झालं आहे की हे चित्र चुकीचं आहे, आणि ते चुकीचं राहण्यात बऱ्याच जणांची सोय आहे. अमेरिकेतलं व्हिएतनामचं भांडण मुळात युद्ध कोणाच्या पोरांनी लढायचं याचं भांडण होतं. ते मिटवलं गेलं नाही. युद्ध थोड्याच घरांपुरतं ठेवून ते फक्त ऐकू येईनासं केलं गेलं.

आधी आकड्यांकडे बघू, कारण इथेच माझा स्वतःचा समज पहिल्यांदा मोडला. जनमताच्या पाहण्या घेणाऱ्या गॅलप संस्थेने १९६५ च्या ऑगस्टमध्ये लोकांना विचारलं की व्हिएतनाममध्ये सैन्य पाठवणं ही चूक होती का. चारांतल्या एकानेच हो म्हटलं. १९६८ च्या ऑगस्टपर्यंत हे प्रमाण निम्म्याच्या वर गेलं, आणि १९७१ च्या मे महिन्यात शंभरांतले एकसष्ट जण चूक होती म्हणत होते. हे साधारण माहीत असतं. माहीत नसतं ते हे, की विरोध सर्वात जास्त कमी शिकलेल्यांत होता. १९७१ च्या जानेवारीत वर्षअखेर सैन्य परत आणावं का असं विचारलं तेव्हा कॉलेजात शिकलेल्यांपैकी ६० टक्क्यांनी हो म्हटलं आणि प्राथमिक शाळेपर्यंतच शिकलेल्यांपैकी ८० टक्क्यांनी. वयाचंही तेच. तिशीच्या आतले लोक युद्धाच्या बाजूने जास्त होते, पन्नाशीच्या पुढचे कमी. म्हणजे ज्यांच्या घरातली मुलं जात होती, ज्यांनी आधीची युद्धं पाहिली होती, त्यांनी हे आधी ओळखलं. ज्याचं जळतं त्याला कळतं, हे सांगायला कोणत्या पाहणीची गरज नव्हती, पण पाहणी तेच सांगत होती.

मग मुलं कोणाची जात होती? त्या पिढीत सैन्यभरतीच्या वयाचे अंदाजे २ कोटी ७० लाख पुरुष होते. त्यांतले व्हिएतनामला गेले ते २७ लाखांच्या आसपास. दहांत एक. हा एक कसा निवडला गेला ते बघण्यासारखं आहे. देशभर चार हजारांच्या आसपास स्थानिक भरतीमंडळं होती, त्यांवरचे सभासद बहुतेक गोरे, प्रौढ, गावातले वजनदार लोक. कॉलेजात पूर्णवेळ शिकत असाल तर सवलत. घरच्या डॉक्टरने पाठीचं किंवा गुडघ्याचं दुखणं लिहून दिलं तर सवलत, पण त्यासाठी घरचा डॉक्टर असावा लागतो. नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे राज्यांच्या राखीव सैन्यात, जागा मिळाली तर व्हिएतनाम बहुधा टळायचं. तिथल्या प्रतीक्षायाद्या लांबलचक होत्या आणि ओळखीने त्या आखूड होत. शिवाय १९६६ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांनी एक योजना आणली. बुद्धिमापन चाचणीत नापास म्हणून आधी ज्यांना घेत नसत अशा मुलांना सैन्यात घ्यायचं, गरिबीतून वर काढण्याच्या नावाखाली. अशी साडेतीन लाखांच्या आसपास मुलं घेतली गेली, आणि त्यांचं मरणाचं प्रमाण इतर सैनिकांपेक्षा जास्त होतं. या एका योजनेबद्दल वाचताना मला जितका राग आला तितका बॉम्बफेकीचे आकडे वाचतानाही आला नव्हता. कॉलेजात जाण्याची कुवत असलेला घरी राहिला आणि कागदावर नीट लिहिता न येणाऱ्याच्या हातात बंदूक दिली गेली.

आपल्याकडे म्हणतात ना, शिवाजी जन्मावा पण शेजाऱ्याच्या घरात. अमेरिकेने या म्हणीचा चक्क कायदा केला होता.

ओरड वाढली तेव्हा सोडत आली. १ डिसेंबर १९६९ च्या संध्याकाळी वॉशिंग्टनमध्ये, टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर, काचेच्या मोठ्या बरणीत निळ्या प्लास्टिकच्या ३६६ कुप्या ठेवल्या होत्या. प्रत्येकीत वर्षातली एक तारीख. हात घालून पहिली कुपी काढली गेली, उघडली, आतली चिठ्ठी वाचली: १४ सप्टेंबर. १९४४ ते १९५० या वर्षांत त्या तारखेला जन्मलेल्या प्रत्येकाचा नंबर एक. दुसरी २४ एप्रिल. तिसरी ३० डिसेंबर. शेवटचा, ३६६ वा नंबर ८ जूनचा. पुढच्या वर्षी १९५ नंबरपर्यंतच्या मुलांना बोलावणं आलं. आमच्या गल्लीत एक वयस्कर गृहस्थ राहतात, आयुष्यभर प्लंबिंगचं काम केलेले. त्या रात्रीबद्दल मी विचारलं तर त्यांनी हातातलं काम न थांबवता स्वतःचा नंबर सांगितला, जसा आपण घराचा नंबर सांगतो. शंभराच्या आतला होता. धाकट्या भावाचाही सांगितला. पन्नास वर्षांनंतरही. भावाचा तीनशेच्या पुढचा, त्यामुळे तो गेला नाही. "त्यानंतर आम्ही दोघं त्या विषयावर कधी बोललो नाही," एवढंच म्हणाले आणि पाना फिरवत राहिले.

निदान सोडत तरी निष्पक्ष होती का? तीही पुरती नव्हती. बरणीत ओतण्याआधी कुप्या महिन्याच्या क्रमाने एका पेटीत टाकल्या होत्या आणि नीट ढवळल्या गेल्या नव्हत्या. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांच्या तारखा वर राहिल्या, लवकर निघाल्या. संख्याशास्त्रज्ञांनी आकडे मांडून ते दाखवून दिलं. डिसेंबरात जन्मलेल्या मुलांना इतरांपेक्षा लहान नंबर मिळाले. कोणी मुद्दाम केलं नव्हतं. कोणीतरी कुप्या हलवायला आणखी पाच मिनिटं दिली नव्हती, इतकंच.

आता त्या दोन चित्रांकडे परत येते, कारण १९७० च्या मे महिन्यात ती दोन्ही एका आठवड्यात उभी राहिली. अध्यक्ष निक्सन यांनी ३० एप्रिलला व्हिएतनामशेजारच्या कंबोडियात सैन्य घातल्याचं जाहीर केलं. कॉलेजं पेटली. ४ मे रोजी ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डने तेरा सेकंदांत ६७ गोळ्या झाडल्या आणि चार विद्यार्थी मेले, नऊ जखमी झाले. मेलेल्यांतले दोघे निदर्शनात नव्हतेच, वर्गाकडे निघाले होते. त्यांतला एक तर कॉलेजातच लष्करी अधिकारी होण्याचं प्रशिक्षण घेत होता. लगेच झालेल्या पाहणीत ५८ टक्के लोकांनी दोष विद्यार्थ्यांना दिला, गार्डला अकरा टक्क्यांनी. अकरा दिवसांनी मिसिसिपीतल्या जॅक्सन स्टेटमध्ये पोलिसांच्या गोळीबारात दोन कृष्णवर्णीय तरुण मेले, त्याची आठवणही आज फारशी कोणी काढत नाही.

केंट स्टेटनंतर चार दिवसांनी, ८ मे रोजी, न्यूयॉर्कमध्ये वॉल स्ट्रीटजवळ शोकसभेला जमलेल्या विद्यार्थ्यांवर बांधकाम कामगारांनी हल्ला केला. डोक्यावरच्या हेल्मेटसारख्या कडक टोप्यांनी बडवलं. महापौरांनी चार मृतांसाठी झेंडा अर्ध्यावर उतरवला होता, तो यांनी सिटी हॉलवर जाऊन पुन्हा वर चढवायला लावला. सत्तरेक लोक जखमी झाले. त्याच महिन्यात कामगारांचे पुढारी व्हाइट हाऊसमध्ये गेले आणि त्यांनी अध्यक्षांना कामगारांची टोपी भेट दिली. यानंतर अमेरिकेचं राजकारण बदललं असं मानतात, आणि ते खरं आहे. कामगार हळूहळू आपल्या जुन्या, डेमोक्रॅटिक पक्षापासून सुटत गेले.

पण त्या हल्ल्याचा अर्थ काय लावायचा? मारहाणीचं समर्थन मी करणार नाही. तरी कामगारांच्या बाजूने एकदा उभं राहून बघितलं पाहिजे. तुमचा मुलगा, भाचा, शेजाऱ्याचा मुलगा तिकडे आहे. तो कॉलेजात नव्हता म्हणून गेला. आणि ज्यांना कॉलेजात असल्यामुळे सवलत आहे ती मुलं रस्त्यावर येऊन सांगतात की हे युद्ध पाप आहे, म्हणजे तुमचा मुलगा पापाचा धनी. कामगारांतही युद्धाला कंटाळलेलेच जास्त होते, वरच्या पाहण्या तेच सांगतात. त्यांची चीड युद्धविरोधापेक्षा विरोध करणाऱ्याच्या सुरक्षिततेवर होती. विद्यार्थ्यांची बाजू बरोबर होती असं मला आजही वाटतं. पण अंगाला झळ न लागता बोललेलं बरोबर वाक्य ऐकणाऱ्याला कसं लागतं, हे त्या चळवळीतल्या फार थोड्यांना उमगलं.

ज्यांना उमगलं त्यांत मार्टिन ल्यूथर किंग होते. ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये ते युद्धाविरुद्ध उघड बोलले. त्यांचा एक मुद्दा मला फार जवळचा वाटतो. कृष्णवर्णीय आणि गोरी मुलं टीव्हीच्या पडद्यावर एकत्र मारताना आणि मरताना दिसतात, आणि तोच देश त्यांना एका शाळेत शेजारी बसवू शकलेला नाही. गरिबी हटवण्याचा पैसा युद्ध गिळतं आहे, हे त्यांनी सरळ सांगितलं. १९६५ आणि ६६ मध्ये मृत सैनिकांत जवळजवळ पाचांत एक कृष्णवर्णीय होता, लोकसंख्येत नऊंत एक. ओरड झाल्यावर हे प्रमाण पुढे खाली आलं. किंग यांना मोठ्या वर्तमानपत्रांनी झोडपलं, आपल्या विषयापुरतं बोला म्हणून सुनावलं. नागरी हक्कांच्या चळवळीतले जवळचे लोकही नाराज झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस ह्यूस्टनमध्ये मुहम्मद अलींनी सैन्यात दाखल होण्यासाठी पुढे पाऊल टाकायला नकार दिला. बॉक्सिंगचं विजेतेपद गेलं, पाच वर्षांची शिक्षा झाली, आणि १९७० च्या ऑक्टोबरात पुन्हा लढायला मिळेपर्यंत उमेदीची साडेतीन वर्षं ते कुस्तीगिराला आखाडा बंद व्हावा तसे बसून होते. शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये एकमताने रद्द केली. अलींचा नकार लोकांना का भिडला? त्यांनी किंमत मोजली म्हणून.

आणि सैनिक. आजही अमेरिकेत सर्रास सांगतात की परत आलेल्या सैनिकांवर युद्धविरोधी लोक थुंकले. अपमान झाले असतील, काहींचे नक्की झाले. पण १९७१ च्या एप्रिलमध्ये शेकडो माजी सैनिक वॉशिंग्टनला जमले आणि त्यांनी आपली पदकं संसदेच्या पायऱ्यांपाशी फेकून दिली, हे त्या गोष्टीत कुठे बसत नाही. त्यांच्या वतीने सत्तावीस वर्षांचा जॉन केरी सिनेटच्या समितीसमोर बसला आणि त्याने विचारलं की एखाद्या चुकीसाठी मरणारा शेवटचा माणूस तू हो, असं कोणाला कसं सांगायचं. युद्धाविरुद्धचा सर्वात जाणता आवाज युद्धातून आलेल्यांचा होता. त्यांची खरी उपेक्षा कुठे झाली ते सरकारी तारखांत आहे. युद्धाचा मनावर होणारा आघात हा आजार म्हणून वैद्यकीय यादीत आला १९८० मध्ये. जंगलं ओसाड करायला फवारलेल्या एजंट ऑरेंज या रसायनामुळे झालेल्या रोगांसाठी कायदा झाला १९९१ मध्ये, युद्ध संपल्यावर सोळा वर्षांनी.

माय लाईचा खटला आठवा. १६ मार्च १९६८ ला त्या व्हिएतनामी गावात अमेरिकन सैनिकांकडून शेकडो निःशस्त्र माणसं मारली गेली, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे. शिक्षा झाली एका लेफ्टनंटला, विल्यम कॅलीला. १९७१ च्या मार्चमध्ये निकाल लागला तेव्हा अमेरिकेतल्या दहांतल्या जवळजवळ आठ जणांना तो पटला नाही. युद्धाच्या बाजूचे म्हणाले, त्याने आपलं कर्तव्य केलं. विरोधी म्हणाले, वरचे सगळे मोकळे आणि हा एकटा अडकला. इतकी विरुद्ध कारणं आणि एकच मत. जन्मठेप झालेला माणूस साडेतीन वर्षांच्या आसपास, तीही बहुतेक घरच्या नजरकैदेत, काढून सुटला. आणि ज्या हेलिकॉप्टर पायलटने, ह्यू थॉम्पसनने, त्या दिवशी मध्ये उतरून गावकऱ्यांना वाचवलं होतं, त्याला त्या कृत्यासाठी पदक मिळायला १९९८ उजाडावं लागलं.

भांडण कसं मिटलं याकडे आता येते. निक्सन यांनी नेमलेल्या समितीने १९७० मध्ये शिफारस केली की सक्तीची भरती बंद करावी आणि पगारी, स्वेच्छेचं सैन्य उभं करावं. समितीत अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन होते. सक्तीची भरती म्हणजे तरुणांवर लादलेला कर आहे, असं त्यांचं म्हणणं. आपल्याला भाडोत्री सैन्याचं नेतृत्व करायचं नाही, असं व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैन्याचे प्रमुख राहिलेले जनरल वेस्टमोरलंड म्हणाले तेव्हा फ्रीडमन यांनी विचारलं, मग गुलामांच्या सैन्याचं करायचं आहे का? तो प्रसंग त्यांनीच पुढे सांगितला आहे. मुद्दा जोरकस आहे आणि आई म्हणून मला तो पटतो. २७ जानेवारी १९७३ रोजी, व्हिएतनामसाठीच्या पॅरिस शांतता कराराच्याच दिवशी, सक्तीची भरती संपल्याची घोषणा झाली.

पण त्याआधीच काय घडत होतं ते बघा. जसजशी बोलावणी कमी होत गेली तसतशी कॉलेजं शांत झाली. १९७२ च्या डिसेंबरात उत्तर व्हिएतनामच्या राजधानीवर, हनोईवर, नाताळाच्या दिवसांत प्रचंड बॉम्बफेक झाली, आणि १९७० च्या मे महिन्यासारखी शेकडो कॉलेजं बंद पडली नाहीत. बॉम्ब तेच होते. बरणीत आपल्या मुलांच्या तारखा उरल्या नव्हत्या.

त्या पिढीतून पुढे चार अध्यक्ष झाले. क्लिंटन, धाकटे बुश आणि ट्रम्प तिघेही १९४६ चे, बायडन १९४२ चे. दोन्ही पक्षांचे. कोणाला शिक्षणाची सवलत, कोणाला प्रकृतीची, कोणाला टेक्सासच्या गार्डमध्ये जागा. व्हिएतनामला यांतलं कोणीही गेलं नाही. जे गेले होते, अल गोर, जॉन केरी, जॉन मॅकेन, ते तिघेही अध्यक्षपदाची निवडणूक लढले आणि हरले. केरींच्या तर पदकांवरच २००४ मध्ये चिखलफेक झाली. मॅकेन साडेपाच वर्षं हनोईत कैदी होते. यांतल्या एकेकाचा निकाल वेगवेगळ्या कारणांनी लागला हे मला माहीत आहे. तरीही ही यादी समोर ठेवली की दहांत एक कसा निवडला गेला याचा उरलेला हिशेब त्यात दिसतो.

२००३ मध्ये इराकवर हल्ला झाला तेव्हा सैन्य पूर्णपणे स्वेच्छेचं होतं. आज कार्यरत सैन्यात साधारण तेरा लाख माणसं आहेत, लोकसंख्येच्या अर्धा टक्काही नाही. तीच माणसं तीन-तीन, चार-चार वेळा इराक आणि अफगाणिस्तानात गेली. व्हिएतनामच्या वेळी अध्यक्ष जॉन्सन यांनी १९६८ मध्ये निदान प्राप्तिकरावर दहा टक्के अधिभार बसवला होता, युद्धाची कळ खिशाला लागली होती. इराकच्या वेळी हल्ल्यानंतर दोन महिन्यांनी कर कमी केले गेले आणि युद्ध कर्जावर चाललं. आम्ही इथले मराठी लोक तेव्हा काय करत होतो? अधिवेशनं भरवत होतो, गणपती बसवत होतो, घरं घेत होतो. मीही. टीव्हीवर बगदाद दिसायचं आणि मी मुलाला भरवत चॅनल बदलायचे. युद्ध चुकीचं आहे असं माझं मत होतं, पण त्या मतासाठी मला एक पैसा किंवा एक तास मोजावा लागला नाही.

हार्लेमचे खासदार चार्ल्स रँगल यांनी, स्वतः कोरियाच्या युद्धात लढलेल्या माणसाने, २००३ च्या जानेवारीत सक्तीची भरती परत आणण्याचं विधेयक मांडलं. सत्ताधाऱ्यांची स्वतःची मुलं जाणार असती तर हे युद्ध झालंच नसतं, असं त्यांचं म्हणणं होतं. २००४ च्या ऑक्टोबरात मतदान झालं तेव्हा ते ४०२ विरुद्ध २ असं पडलं. रँगल यांनीही विरोधात मत दिलं. विधेयक चर्चेसाठी होतं, आणि ज्या चर्चेसाठी ते मांडलं ती झालीच नाही.

मला भरती परत यायला हवी आहे का? नको. वरणाची वाटी पुढे करणाऱ्या त्या हाताकडे बघून मी ते म्हणू शकत नाही, आणि म्हणू शकत नाही हेच मी इथे लपवणार नाही. सक्तीची भरती आली तर पुन्हा वशिले येतील, गुडघ्याची सर्टिफिकेटं येतील. शिवाय भरती असूनही व्हिएतनाम सुरू झालंच ना? १९६४ च्या ऑगस्टमध्ये उत्तर व्हिएतनामजवळच्या टाँकिनच्या आखातात अमेरिकन जहाजांवर झालेल्या हल्ल्याच्या बातमीवर, ज्यातला दुसरा हल्ला झालाच नव्हता, प्रतिनिधीगृहाने ४१६ विरुद्ध शून्य आणि सिनेटने ८८ विरुद्ध २ मतांनी जॉन्सन यांना मोकळीक दिली. वेन मॉर्स आणि अर्नेस्ट ग्रूनिंग हे ते दोघे, आणि १९६८ मध्ये दोघांचीही जागा गेली. भरतीमुळे युद्ध अडलं नाही, उशिरा थांबलं. मग मागणी कसली करायची? दोन गोष्टींची. प्रत्येक युद्धासाठी संसदेत नव्याने, नाव घेऊन मतदान व्हावं आणि त्या मताची मुदत संपावी. आणि युद्ध चालू असेपर्यंत प्रत्येकाच्या पगारातून युद्धकर कापला जावा, पावतीवर तसं लिहून. २००९ मध्ये असा कर सुचवणारं विधेयक प्रतिनिधीगृहात आलं होतं, पुढे सरकलं नाही. पोराचा जीव आणि पगाराचे चार डॉलर यांची बरोबरी होत नाही, हे मला कळतं. पण ते चार डॉलर कापले गेले असते तर मी चॅनल बदललं नसतं.

गेल्या वर्षी आम्ही वॉशिंग्टनची ती भिंत बघायला गेलो. येल विद्यापीठातल्या एकवीस वर्षांच्या माया लिन या विद्यार्थिनीने तिचा आराखडा केला होता, आणि १९८२ मध्ये ती उभी राहिली. तेव्हाही भांडण झालं. एका माजी सैनिकाने तिला लाजेची काळी जखम म्हटलं. तडजोड म्हणून दोन वर्षांनी जवळच तीन सैनिकांचा पुतळा बसवला गेला. भिंतीचा काळा ग्रॅनाइट आपल्या बंगळूरकडच्या खाणीतला आहे. कॅनडाचा आणि स्वीडनचा दगड नको, कारण भरती टाळणारे तिकडे पळाले होते, असं त्यामागचं कारण सांगतात. भांडण दगडापर्यंत पोचलं होतं. अठ्ठावन्न हजारांवर नावं आहेत, मृत्यूच्या तारखेच्या क्रमाने. आणि एकाही नावापुढे हुद्दा नाही. कर्नल कोण, शिपाई कोण, कॉलेज सोडून गेलेला कोण, मॅकनमारांच्या योजनेतला कोण, काही कळत नाही. एक बाई कागद लावून पेन्सिलने एक नाव उतरवून घेत होती, अक्षरं हळूहळू पांढरी उमटत होती.

मला पानिपत आठवलं. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला याची गणती नाही, हा निरोप आपण शाळेत ऐकलेला असतो. त्या निरोपात खुर्द्याला नाव नसतं. या भिंतीवर खुर्दा नाही, सगळ्यांना नाव आहे, आणि म्हणून मला ती आवडते. पण माझ्या कामावर एक व्हिएतनामी वंशाची सहकारी आहे. तिचे वडील दक्षिण व्हिएतनामच्या सैन्यात होते. १९७५ च्या ३० एप्रिलला दक्षिणेची राजधानी सायगाव उत्तरेच्या हाती पडली, त्या तारखेला त्यांच्या घरी दरवर्षी पिवळ्या रंगावर तीन लाल पट्ट्यांचा जुना झेंडा लावतात. युद्धविरोधी विद्यार्थी तिच्या घरात कधी नायक नव्हते. अमेरिका आम्हाला सोडून गेली, असं तिचे वडील शेवटपर्यंत म्हणत, आणि या मतालाही अमेरिकन मतांत मोजलं पाहिजे, कारण ते इथेच मतदान करत होते. भिंतीबद्दल मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "सुंदर आहे. माझ्या काकाचं नाव त्यावर नाही." व्हिएतनामच्या सरकारने १९९५ मध्ये आकडे दिले: वीस लाख नागरिक आणि त्यांच्या बाजूचे अकरा लाख लढवय्ये मेले. तिचा काका त्याही आकड्यात नाही. दोन्हीकडच्या हिशेबाबाहेरचा तो खुर्दा.

परतीच्या गाडीत मुलाने विचारलं की आत्ता कुठे सैन्य पाठवायचं असेल तर नवीन मतदान लागतं का. मी त्याला १४ सप्टेंबर २००१ चा ठराव सांगितला. न्यूयॉर्कचे मनोरे पडून तीन दिवस झाले होते, प्रतिनिधीगृहात ४२० मतं बाजूने पडली आणि कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचं एकटीचं विरोधात. त्या हल्ल्यामागच्यांविरुद्ध सैन्य वापरायची मोकळीक देणारा तो ठराव पुढे एकामागून एक अध्यक्षांनी कितीतरी देशांत वापरला. काबूलच्या विमानतळावर २६ ऑगस्ट २०२१ ला तेरा अमेरिकन सैनिक मेले, त्यांतले काही अवघ्या विशीचे होते, त्या ठरावाच्याच वर्षी जन्मलेले. माझा मुलगा २००४ चा. तो ठराव त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा आहे, आणि अजून रद्द झालेला नाही.